फुले खायला शिकताना : ओळखीपासून ताटापर्यंत

फूल खाणे ही कल्पना नवख्या माणसाला थोडी धाडसाची वाटते. प्रत्यक्षात फ्लॉवर आणि ब्रोकोली हे न उमललेल्या फुलोऱ्याचे गड्डे आहेत, लवंग ही वाळवलेली कळी आहे आणि केशर म्हणजे एका जांभळ्या फुलातल्या स्त्रीकेसराची तीन लाल टोके आहेत. तेव्हा फुले आपण आधीपासून खातच आलो आहोत. नवे आहे ते इतकेच, की उमललेले फूल स्वतःच्या हाताने खुडून, साफ करून ताटात आणायचे. हा लेख ते पहिल्यांदा करू पाहणाऱ्यांसाठी आहे. पाककृती त्यात मुद्दाम उशिरा येतात, कारण या विषयात स्वयंपाक सोपा आणि ओळख अवघड आहे. ज्याला एकच फूल पक्के ओळखता येते त्याने पहिला हंगाम त्या एका फुलावर काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा फुलांची अर्धवट माहिती असण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे, आणि चवीच्या दृष्टीनेही त्यातून जास्त शिकायला मिळते.

पायरी १ : नाव पक्के करा

फुलांची बोलीतली नावे फसवी असतात. नस्तुर्शियम म्हणून ओळखले जाणारे केशरी फूल वनस्पतिशास्त्रात ट्रोपिओलम माजुस आहे, आणि नस्तुर्शियम हे शास्त्रीय नाव मात्र पाण्यात वाढणाऱ्या वॉटरक्रेस या वेगळ्याच पालेभाजीचे आहे. या जोडीत दोन्ही वनस्पती खाण्याजोग्या असल्यामुळे गोंधळ झाला तरी निभावते. पण प्रत्येक वेळी तसे होत नाही. मोगरा, म्हणजे जॅस्मिनम सँबॅक, चहाला सुगंध देण्यासाठी वापरतात. कॅरोलिना जॅस्मिन नावाची पिवळ्या फुलांची वेल मात्र जॅस्मिन नाहीच, ती जेल्सेमियम आहे आणि तिच्या फुलातला मध चोखल्यानेही विषबाधा होऊ शकते. मटारच्या वेलीचे फूल खाता येते, त्याला कोवळ्या मटारचीच चव असते. तशाच घाटाचे, रंगीत आणि सुगंधी स्वीट पी हे मात्र विषारी आहे. लिली या एका शब्दाखाली तर खाण्याजोगी डेलिली, म्हणजे हेमेरोकॅलिस, आणि हृदयावर परिणाम करणारी लिली ऑफ द व्हॅली अशा एकमेकांशी नाते नसलेल्या वनस्पती येतात.

म्हणून पहिला नियम असा, की शास्त्रीय नाव कळल्याशिवाय कोणतेही फूल स्वयंपाकघरात आणू नये. बियांच्या पाकिटावर किंवा रोपवाटिकेच्या पट्टीवर ते छापलेले असते. मोबाइलवरची वनस्पती ओळखणारी ॲप नाव सुचवतात, खात्री देत नाहीत. त्यांचे उत्तर हा शोधाचा आरंभ समजावा. नाव मिळाले की फुलासोबत पान, खोड, देठ आणि फुलाची आतली रचना हेही वर्णनाशी जुळवून पाहावे. केशराचे उदाहरण इथे उपयोगी पडते. केशराच्या फुलात, म्हणजे क्रोकस सॅटिव्हसमध्ये, तीन पुंकेसर असतात. शरद ऋतूत फुलणाऱ्या आणि दिसायला बऱ्याच सारख्या कोल्चिकममध्ये ते सहा असतात, आणि कोल्चिकममधले कोल्चिसिन हे जीवघेणे विष आहे. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही फुले जांभळीच दिसतात. फरक कळतो तो फूल उघडून पुंकेसर मोजले तर.

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजेच बिट्टी, धोतरा, कळलावी, बचनाग, रुई, सदाफुली, घाणेरी, डॅफोडिल, डिजिटालिस, अझेलिया आणि हायड्रेंजिया ही बागांत सहज दिसणारी फुले खाण्याची नाहीत, ताटाच्या कडेला सजावटीसाठी ठेवण्याचीही नाहीत. ताटात जे काही आहे ते खाण्याजोगे आहे असेच जेवणारा गृहीत धरतो, आणि लहान मूल तर विचारणारही नाही. बटाटा, टोमॅटो, वांगी आणि मिरची यांची फळे किंवा कंद आपण रोज खातो, पण त्यांची फुले खाऊ नयेत. एका झाडाचा एक भाग खाता येतो म्हणून दुसराही येतो, असा नियम नाही.

काही समजुती इथेच बाजूला ठेवल्या पाहिजेत. पाखरे किंवा कीटक खातात म्हणून फूल माणसाला चालते, असे नाही. चव कडू नाही म्हणून विष नाही, असेही नाही. उकळल्याने विष निघून जाते, ही समजूत सर्वांत धोकादायक आहे. कण्हेरीतले विष वाळवल्याने जात नाही आणि शिजवल्यानेही जात नाही. ओळखीत रतिभर शंका असेल तर ते फूल फुलदाणीत ठेवावे. चुकून एखादे संशयित फूल खाल्ले गेलेच, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये आणि स्वतःहून उलटी काढू नये. फुलाचा आणि पानाचा नमुना सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे, कारण वनस्पती कोणती हे डॉक्टरांना कळले तर उपचारांची दिशा लवकर ठरते.

पायरी २ : फूल कुठून आणायचे

खाण्याजोग्या जातीचे फूल आणि खाण्याजोगे फूल यांत फरक आहे. फुलवाल्याकडचा गुलाब जातीने खाण्याजोगा असतो, पण तो फुलदाणीसाठी वाढवलेला असतो आणि त्यावर अन्नपिकांवर न चालणारी औषधे मारलेली असू शकतात. यांतली काही कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती झाडाच्या रसातून प्रत्येक भागात पोहोचतात. पाकळ्या कितीही धुतल्या तरी ती निघत नाहीत. पुष्पगुच्छातली, हारातली किंवा शोभेच्या रोपांवरची फुले खाऊ नयेत, ती एवढ्यासाठीच. रस्त्याच्या कडेची फुलेही टाळावीत, कारण तिथे वाहनांचा धूर, धूळ, तणनाशके आणि जनावरांची घाण यांचा संबंध येतो.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे बी पेरणे. नस्तुर्शियम, कॅलेंडुला, पॅन्सी, बोरेज, गोकर्ण ही सगळी बियांपासून सहज येतात, आणि कुंडीत काय घातले हे आपल्याला ठाऊक असते. नस्तुर्शियमला खत बेताने द्यावे. जमीन फार सुपीक असेल तर पाने भरमसाट येतात आणि फुले कमी. तयार रोप विकत घेतले असेल तर त्यावरची फुले आणि कळ्या खुडून टाकाव्यात, आणि रोप आपल्या मातीत रुजून, नवी वाढ होऊन, पुढच्या हंगामात जी फुले येतील तीच खायला घ्यावीत. थांबणे जिवावर येते हे मान्य आहे, तरी थांबावे. बागेत दुसरी औषधे फवारत असाल तर खाण्याच्या फुलांचा कोपरा वेगळा आणि वाऱ्याच्या आड ठेवावा. विकतच घ्यायची असतील, तर खाण्यासाठी म्हणून वाढवलेली आणि तसे स्पष्ट लिहिलेली फुलेच घ्यावीत.

पायरी ३ : खुडणे आणि साफ करणे

फुले सकाळी, दव वाळल्यावर आणि ऊन चढण्याआधी खुडावीत. सुगंध देणारी द्रव्ये उन्हाने उडून जातात आणि पाकळ्यांतले पाणी कमी होते; दुपारी खुडलेला गुलाब आणि सकाळचा गुलाब यांच्या पाकातला फरक पहिल्याच घोटाला कळतो. नुकते उमललेले फूल घ्यावे. पूर्ण उमलून कडा सुकू लागलेल्या फुलाची चव उतरलेली असते.

आता एक फूल जवळून पाहू. भोपळ्याच्या वेलीवर नर आणि मादी अशी दोन प्रकारची फुले येतात. नराचे देठ लांब आणि बारीक असते. मादीच्या फुलाखाली, देठ आणि पाकळ्या यांच्या मध्ये, सुपारीएवढा कोवळा भोपळा दिसतो. खायला नर फुले घ्यावीत, कारण मादीचे प्रत्येक फूल खुडणे म्हणजे एक फळ गमावणे आहे. आणि नरही सगळे काढू नयेत, वेलीवर रोज दोन-चार राहू द्यावेत, म्हणजे परागीभवन थांबत नाही. फूल सकाळी उघडे असते आणि दुपारपर्यंत मिटून पिळल्यासारखे होते, तेव्हा भरून तळायचे असेल तर ते उघडे असतानाच आणावे. देठ साधारण दोन बोटे ठेवून कापावे. मग फूल उलटे धरून हलके झटकावे आणि आत बोटाने चाचपण्याआधी नीट पाहावे, कारण परागासाठी शिरलेली मधमाशी आत असू शकते. तळाशी पिवळा, पावडर लागलेला दांडा दिसतो, तो नराचा पुंकेसर. एका हाताने पाकळ्या किंचित ताणून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तो मुळाशी धरायचा आणि बाजूला वाकवायचा. टक असा बारीक आवाज होऊन तो निघतो. ओढू नये, ओढले तर पाकळी चिरते. बाहेरून देठाजवळ जे काट्यासारखे हिरवे तंतू असतात तेही खुडावेत, कारण ते शिजत नाहीत आणि दातात येतात.

हीच पद्धत थोड्याफार फरकाने बाकीच्या फुलांना लागू होते. पराग काहींना सोसत नाहीत आणि चवीलाही रुक्ष असतात, म्हणून पुंकेसर आणि स्त्रीकेसर काढावेत. जास्वंदीचा लांब दांडा, हादग्याच्या फुलातली आकड्यासारखी वाकलेली काडी हे सगळे त्यातच येते. हादग्याची ती काडी कडू असते, एक राहिली तरी घासाची चव बिघडते. फुलाखालची हिरवी टोपीही बहुतेक वेळा काढावी. गुलाब आणि झेंडू यांच्या पाकळीच्या बुडाशी पांढरट टोक असते, ते कडू लागते. पाकळ्यांची जुडी एकत्र धरून कात्रीने ते टोक एकदम कापता येते. पॅन्सी आणि तिच्या लहान बहिणी, व्हायोला, यांना यातले काहीच लागत नाही, त्या अख्ख्या खाता येतात.

केळफूल मात्र वेळ मागते. बाहेरची जांभळी पाने एकेक सोलत गेले की प्रत्येकाच्या आड फुलांची फणी मिळते. त्यातल्या प्रत्येक फुलात टोकाला गोळा असलेली एक ताठ काडी आणि बुडाशी पापुद्र्यासारखी पारदर्शक पाकळी असते. या दोन्ही शिजत नाहीत, म्हणून काढाव्याच लागतात. गाभ्याजवळची फुले इतकी कोवळी असतात की तिथे हे कष्ट नकोत, आणि शेवटचा पांढरा गाभा तर तसाच चिरावा. चीक हाताला काळे डाग पाडतो, म्हणून आधी हातांना आणि सुरीला तेल लावावे. चिरलेला भाग हवेने काळा पडतो, तो लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकावा.

धुण्याची रीत सोपी आहे. नळाची धार पाकळ्या फाडते. मोठ्या पातेल्यात गार पाणी घेऊन फुले त्यात बुडवावीत, हलवावीत, किडे वर आले की पाणी बदलावे, आणि कापडावर एकेक पसरून वाळवावीत. ओल्या पाकळ्या पारदर्शक आणि मलूल दिसतात, म्हणून सॅलडमध्ये घालायच्या फुलांवरचे पाणी पूर्ण जाऊ द्यावे.

पायरी ४ : पहिली चव

इथवर आल्यावर, म्हणजे नाव पक्के, उगम माहीत आणि साफसफाई झाल्यावर, एक पाकळी खावी. त्या दिवशी एवढेच. तोंडाला, घशाला खाज, सूज, पोटात दुखणे असे काही चोवीस तासांत झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी एक फूल आणि मग हळूहळू वाढवावे. ही चव विषारी फूल ओळखण्याची चाचणी नव्हे, हे पुन्हा सांगायला हवे. ती फक्त आपल्या शरीराला एक माहीत असलेले, सुरक्षित फूल मानवते का, हे पाहण्यासाठी आहे. एका वेळी एकच नवे फूल घ्यावे, म्हणजे त्रास झालाच तर कशाने झाला हे समजते.

परागांची अ‍ॅलर्जी किंवा दमा असणाऱ्यांनी सूर्यफुलाच्या कुळातली फुले, म्हणजे शेवंती, कॅलेंडुला, झेंडू, कॅमोमाइल, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत. बोरेजचे निळे, चांदणीसारखे फूल काकडीच्या चवीचे आणि फार सुंदर असते; पण या वनस्पतीत यकृताला अपाय करणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, तेव्हा ते अधूनमधून दोन-चार फुलांपुरते ठेवावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी बोरेज टाळावे, आणि औषधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुलांचे काढेही मनाने घेऊ नयेत. लाल अंबाडीच्या पेयाने रक्तदाब कमी होऊ शकतो, म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी आधी विचारावे.

पायरी ५ : चवीनुसार फूल निवडा

फूल रंगासाठी निवडण्याची सवय लवकर सोडावी. पदार्थाला काय हवे आहे, तिखट, आंबट, सुगंध की नुसता कोवळा कुरकुरीतपणा, हे आधी ठरवावे आणि मग फुलाकडे जावे.

तिखटासाठी नस्तुर्शियम. त्याच्या पाकळ्या चावताना आधी गोड लागतात, आणि दोन-तीन क्षणांनी मोहरीसारखी झणझणी नाकात चढते. मोहरीतल्यासारखेच गंधकयुक्त द्रव्य यातही असते, पेशी चावल्या गेल्यावर ते मोकळे होते. शिजवले की ही झणझणी जाते, तेव्हा हे फूल कच्चेच खावे. मोहरी, मुळा आणि रॉकेट ही तिखट चवीची पालेभाजी यांची फुलेही याच वळणाची, पण मवाळ. कांदा, लसूण आणि चाइव्ह (कांद्याच्या कुळातली बारीक पातीची वनस्पती) यांच्या फुलोऱ्याला त्या त्या पातीचीच चव असते. अख्खा गोंडा तोंडात उग्र लागतो, म्हणून बारीक फुले मोकळी करून भुरभुरावीत. तुळस, कोथिंबीर, शेपू यांना फुलोरा आला की आपण चुकचुकतो. वास्तविक ती फुले पानापेक्षा सौम्य असतात आणि वाया घालवू नयेत.

आंबटपणा जास्वंदीच्या लाल पाकळ्यांत थोडा आणि लाल अंबाडीत भरपूर असतो; अंबाडीची वापरायची असते ती फूल गळल्यावर फुगणारी मांसल लाल टोपी. कॅलेंडुलाला चव फारशी नसते, किंचित कडसर असते, पण त्याच्या पाकळ्या भाताला आणि लोण्याला पिवळा रंग देतात. शेवंतीच्या पाकळ्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढल्या की कडवटपणा उतरतो. शेवग्याची आणि हादग्याची फुले भाजी म्हणूनच वागवावीत, म्हणजे थोड्या तेलावर, झाकण न ठेवता, पाणी सुटून आटेपर्यंत परतावीत.

सुगंधी फुलांच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. लव्हेंडरच्या अनेक जाती आहेत आणि स्वयंपाकाला लव्हेंडुला अँगस्टिफोलिया ही जात बरी, कारण इतर काहींत कापराचा वास जास्त असतो. मी पहिल्यांदा लव्हेंडरची बिस्किटे केली तेव्हा दोन मोठे चमचे वाळकी फुले घातली होती, आणि कोणालाही दुसरे बिस्किट संपवता आले नाही, साबण खाल्ल्यासारखे लागत होते. तेवढ्याच पिठाला अर्धा छोटा चमचा पुरतो. वाळकी फुले वापरताना ताज्याच्या साधारण एक तृतीयांश घ्यावीत, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते.

नवख्याने सुरुवात कशापासून करावी, असे कोणी विचारले तर मी नस्तुर्शियम किंवा भोपळ्याचे फूल सांगेन. दोन्ही ओळखायला सोपी आहेत आणि चवीला स्वतःचे असे काही आहे.

पायरी ६ : स्वयंपाकात वापरा

सर्वांत आधी कच्चे फूल. सॅलडची पाने मीठ, तेल आणि आंबट घालून पूर्ण कालवून घ्यावीत आणि फुले अगदी शेवटी, वाढताना वर टाकावीत. आंबटाने पाकळ्यांचा रंग बदलतो आणि तेलाने त्या मिटून जातात. दहा मिनिटे आधी घातलेली पॅन्सी ताटात काळपट चिंधीसारखी दिसते.

दुसरा सोपा प्रकार लोण्याचा. १०० ग्रॅम मऊ लोण्यात दोन मोठे चमचे बारीक चिरलेल्या पाकळ्या आणि चिमूटभर मीठ मिसळावे, कागदात गुंडाळून वळकटी करावी आणि एक रात्र फ्रिजमध्ये ठेवावी. नस्तुर्शियम किंवा चाइव्हच्या फुलांचे लोणी गरम बटाट्यावर फार चांगले लागते. चाइव्हचीच फुले बरणीत निम्म्यापर्यंत भरून वर पांढरे व्हिनेगर ओतले, तर काही दिवसांत गुलाबी रंगाचे, कांद्याच्या वासाचे व्हिनेगर तयार होते. दोन आठवड्यांनी गाळून घ्यावे. व्हिनेगर पुरेसे आंबट असल्यामुळे ते टिकते. तेलाचे तसे नाही. ताजी फुले किंवा लसणाचा कोणताही भाग तेलात बुडवून बाहेर ठेवला, तर हवा न पोहोचणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात, आणि ते वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. असे तेल थोडेच करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

रंगाचा खेळ गोकर्णाइतका दुसरे कोणतेही फूल दाखवत नाही. आठ-दहा निळी फुले हिरव्या टोप्या काढून एका कप गरम पाण्यात घालावीत आणि काचेचा कप उजेडात ठेवावा. निळा रंग आधी पाकळ्यांच्या कडांतून रेघेसारखा सुटतो, तळाशी बसतो आणि पाचेक मिनिटांत पाणी शाईसारखे गडद होते, पाकळ्या मात्र फिक्या पडतात. आता फुले काढून लिंबाचे चार थेंब टाकावेत: थेंब जिथे पडतो तिथून जांभळा रंग धुरासारखा पसरत जातो. याचे कारण त्यातली अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आम्लात तांबूस आणि अल्कलीत हिरवट होतात. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर तेच पाणी हिरवे होईल. चव जवळजवळ नसते, किंचित मटारच्या शेंगेसारखी, त्यामुळे हे पाणी भाताला, सरबताला, जेलीला चालते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या फुलाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. वापरायचे ते फूलच. गोकर्णाच्या बिया आणि मुळे रेचक असतात, ती खाऊ नयेत.

तळणीसाठी आपली साफ केलेली भोपळ्याची फुले घेऊ. १०० ग्रॅम मैदा आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर यांत मीठ घालून सुमारे १५० मिलिलिटर बर्फाचे गार पाणी ओतावे आणि काट्याने चार-पाच वेळाच ढवळावे. गुठळ्या राहिल्या तरी राहू द्याव्यात, जास्त घोटले तर आवरण चामट होते. फुलात मऊ चीज, मिरपूड आणि लिंबाची किसलेली साल यांचे एक छोटा चमचा सारण भरावे, पाकळ्यांची टोके एकत्र करून हलका पीळ द्यावा. फूल देठाने धरून पिठात बुडवावे, जादा पीठ निथळू द्यावे आणि १८० अंश सेल्सिअसच्या तेलात सोडावे. तापमापक नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहावा. तो बुडून लगेच वर आला आणि भोवती बारीक बुडबुडे धरले तर तेल तयार आहे. दोन ते तीन मिनिटे पुरतात. एका वेळी तीन-चारच फुले तळावीत, नाहीतर तेल थंड होते आणि फूल तेल पिते. ती कढईतून थेट ताटात जावीत, कारण थांबली की आतला ओलावा आवरणात येतो.

गोडासाठी गुलाब. एक कप साफ केलेल्या सुगंधी पाकळ्या दोन कप साखरेसोबत खलबत्त्यात चुरडून, ताटात पसरून वाळू द्याव्यात. ही साखर चहात, खिरीत, केकवर वापरता येते. गुलाबाला वास नसेल तर त्याच्या पाकळ्यांना चवही नसते, हे खुडण्याआधीच हुंगून ठरवावे. साखरेत घोळवलेल्या अख्ख्या पॅन्सी किंवा व्हायोला केकवर सुंदर दिसतात: फुलाला दोन्ही बाजूंनी ब्रशने अंड्याचा पांढरा भाग लावायचा, वर बारीक साखर भुरभुरायची आणि एक-दोन दिवस कोरड्या जागी वाळवायचे. इथे अंडे कच्चेच राहते, तेव्हा पाश्चराइज्ड अंडे किंवा अंड्याच्या पांढऱ्या भागाची तयार पावडर वापरावी. अंडे नको असेल तर खायचा डिंक पाण्यात विरघळवूनही हे काम होते. फुले मधात मुरवली असतील तर तो मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये, हा मधाचाच नियम इथेही लागू आहे.

पायरी ७ : उरलेली फुले ठेवा

खुडलेली फुले शक्य तर त्याच दिवशी संपवावीत. ठेवायचीच झाली, तर डब्यात ओलसर कागद अंथरून त्यावर एकेरी थरात मांडावीत आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावीत. पॅन्सी आणि नस्तुर्शियम दोन-तीन दिवस राहतात, भोपळ्याचे फूल जेमतेम एक. मलूल झालेली फुले बर्फाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवली तर पुष्कळदा पुन्हा ताठ होतात. बर्फात गोठवायची असतील तर साचा आधी निम्मा भरून गोठवावा, मग फूल उपडे ठेवून वर पाणी घालावे, म्हणजे ते तरंगून वर येत नाही. उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ जास्त स्वच्छ दिसतो.

वाळवणे सावलीतच करावे. उन्हात रंग उडतो आणि वासही जातो. गुलाब, कॅलेंडुला, गोकर्ण कागदावर एकेरी पसरून, वारा खेळेल अशा खोलीत आठ-दहा दिवस ठेवावेत. पाकळी बोटांत चुरल्यावर कागदासारखी तुटली की झाले, वाकली तर आत पाणी आहे आणि बरणीत बुरशी येईल. हवाबंद बरणी अंधारात ठेवावी. बरणीवर फुलाचे शास्त्रीय नाव, कोणत्या कुंडीतले आणि कोणत्या तारखेला खुडले हे त्याच दिवशी लिहावे, कारण वाळलेल्या पाकळ्या दोन महिन्यांनी एकमेकींसारख्याच दिसतात. चिठ्ठी नसलेली बरणी सापडली तर ती उघडून हुंगत बसू नये, सरळ खताच्या खड्ड्यात रिकामी करावी.